जावा अजून अर्धीच आहे, प्रदर्शनाला नेऊ का?

काका,
सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. आजोबांनी १९६८ साली घेतलेली जावा मोटरसायकल खालच्या सोप्यात उभी असायची. २०१९ च्या पुरात ती निम्म्या टाकीपर्यंत पाण्यात होती. गेलं दीड वर्ष मी ती परत उभी करतेय. इंजिन खोलून बोअर केलं, बेअरिंग आणि ऑइल सील नवीन टाकले. फ्रेम घासून प्रायमर मारलाय, चाकं बांधून झालीत. टाकी आणि मडगार्ड आहेत तसेच, पुराच्या रेषेसकट. वायरिंग नाही, सीट नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी इथल्या जुन्या गाड्यावाल्यांचं प्रदर्शन आहे. ते म्हणाले, आहे तशी आणा. मिस्त्री म्हणतात, पंधरा दिवसांत रंगवून, तात्पुरती सीट टाकून देतो. पप्पा म्हणतात, अर्धवट गाडी गावासमोर न्यायची नाही, लोक हसतील. पप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता रिटायर आहेत. पूर ओसरल्यापासून ते गाडीजवळ फारसे थांबत नाहीत. इंजिन खोललं त्या दिवशी तर चहाला म्हणून गेले ते संध्याकाळीच आले. मी काय करू?
— मिरजेत लॅबमध्ये काम करणारी एक मुलगी

ने. आहे तशीच ने. मिस्त्रींचे पंधरा दिवस घेऊ नकोस. पप्पांचं 'नको' मात्र वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. (पत्रात काका म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू' वर आलोय.)

आधी मिस्त्री. त्यांचा हेतू वाईट नसणार. पोरीची गाडी चारचौघांत उठून दिसावी असं त्यांनाही वाटत असेल, आणि रंगाचं बिलही होईल, त्यात गैर काही नाही. पण जून-जुलैतली सांगलीची हवा तुला माहीत आहे. सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी ओलाच हाताला लागतो. अशा हवेत रंग मारला की थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधासारखी पांढुरकी झाक येते. ती पॉलिशने जाते असं सांगतात. थोडी जाते. त्यात घाईघाईने भरलेली पुट्टी आत ओलीच राहते आणि दिवाळीपर्यंत खाली बसते. मग उन्हात टाकी तिरकी धरली की प्रत्येक पोचा परत दिसायला लागतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी साताऱ्याचा. वीसेक वर्षांपूर्वी माझी १९७६ ची येझदी एका प्रदर्शनाला न्यायची ठरली आणि मी नेमकं हेच केलं. आठ दिवसांत टाकी रंगवून घेतली, रंग नीट वाळायच्या आत पेट्रोल भरलं आणि एप्रिलच्या उन्हात मैदानावर लावली. झाकणाचा वायसर जुनाच होता. दुपारी एकच्या सुमारास झाकणाभोवती रंगाला फोड यायला लागले, पापडाला येतात तसे. एका शाळकरी पोराने त्यातला एक नखाने फोडला आणि आईला विचारलं, "मम्मी, हिला कांजिण्या झाल्यात का?" आमच्या घरात ते वाक्य अजून कुणी विसरलेलं नाही.

टाकी परत घासायला लागली. पैसे दुप्पट गेले ते गेलेच, पण मला जास्त लागलं ते दुसरंच. त्या दिवशी गाडीजवळ आलेल्या एकाही जाणकाराने मला काही सांगितलं नाही. सांगणार काय? बाहेरून सगळं बंद होतं. दोन वर्षांनी तीच गाडी मी रंगाशिवाय नेली, चेनकव्हर उघडं ठेवून. कराडचे एक म्हातारे मिस्त्री आले, चष्मा कपाळावर चढवून उकिडवे बसले, आणि चेनकव्हरच्या खालच्या अर्ध्या भागावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हा अर्धा हिचा न्हाई. आनि ह्या रबरी नळ्या कुठं गेल्या?" इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत चेन पूर्ण झाकलेली असते ना, त्या झाकणाला पुढे जोडणाऱ्या दोन नळ्या. वर्षभर शोधत होतो मी त्या. पुढच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने आल्या. पैसे घेतले त्यांनी, फुकट नाही दिल्या, पण वाजवी घेतले.

एवढ्यासाठीच ने म्हणतोय. तुझी जावा म्हैसूरला बनलेली. आयडियल जावाने १९६१ पासून तिथे गाड्या काढल्या, सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं आणि १९९६ ला कारखानाच बंद पडला. म्हणजे तुला जो भाग हवाय तो दुकानात असेलच असं नाही. कुणाच्या तरी माळ्यावर, तेलकट फडक्यात गुंडाळलेला असण्याची शक्यता जास्त. तो माळा ज्याचा, तो माणूस अशा रविवारी घराबाहेर पडतो. (जावावाल्यांचा हा जुलैतला दुसरा रविवार जगभर ठरलेला आहे. आपल्याकडे तो ऐन पावसात येतो, त्याला इलाज नाही.)

आता नेणार कशी. अर्धी गाडी आणि पसरलेली गाडी यांत फरक आहे. जमिनीवर ताडपत्री आणि त्यावर फ्रेम, इंजिन, चाकं वेगवेगळी मांडलीस तर येणारा प्रत्येक जण विचारेल, "किलोनं देणार का?" म्हणून आधी इंजिन फ्रेममध्ये बसव, दोन्ही चाकं घाल, हँडल लाव, टाकी वर ठेव आणि गाडी मेन स्टँडवर उभी कर. एवढ्याला दोन रविवार पुरतात. सीट नाही तर नाही. दुसऱ्या गाडीची उसनी सीट टाकू नकोस. जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच जाईल आणि मग त्याला सगळंच उसनं वाटायला लागेल.

फ्रेमवर फक्त प्रायमर आहे ना? मग एक गोष्ट लक्षात ठेव. साधा प्रायमर पाणी अडवत नाही, पितो. वरून चकचकीत रंग बसेपर्यंत तो स्पंजासारखाच. पावसात भिजलेली प्रायमरची फ्रेम पुसून ठेवली तरी महिन्याभरात सांध्यांतून तांबूस ठिपके वर येतात. इपॉक्सी प्रायमर असेल तर काळजी कमी. कुठला मारलाय ते मिस्त्रींना विचार. साधा असेल तर नेताना प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळ, मांडायची जागा शेडमध्येच माग, आणि घरी आल्यावर त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेव. उघड्या लोखंडाला, म्हणजे अॅक्सल, स्पोक, स्टँडला, तेलाचा हात फिरव. फ्रेमला तेल लावू नकोस, नंतर रंग धरणार नाही.

आता या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. तुझ्याकडे जुना पिस्टन आहे का? टाकला नसशील तर तो एका स्टीलच्या ताटात ठेवून गाडीशेजारी मांड, आणि शेजारी बोअर करायच्या आधीचा एखादा फोटो. पुराच्या पाण्यातला गाळ सिलिंडरमध्ये गेला की पिस्टनच्या अंगावर उभ्या रेघा ओढल्या जातात, आणि जावाचा पिस्टन एका तळहातात मावतो, ६५ मिलिमीटरचा. हातात घेतला की माणसाला कळतं गाडीचं काय झालं होतं. सांगली-कोल्हापुरात २०१९ नंतर कितीतरी जणांनी पाणी ओसरल्या ओसरल्या पहिली किक मारून इंजिनं घालवली. त्यांच्या घरात अजून गाड्या पडून आहेत. तुझ्या ताटातला पिस्टन बघून त्यांतला एखादा घरी जाऊन प्लग काढेल, सायलेन्सर उतरवून आतला चिखल खरवडून काढेल. चकाचक गाडी बघून कुणी हे करणार नाही.

इंजिन चालू करून दाखवायच्या फंदात पडू नकोस. लोक आग्रह करतील. वायरिंग नसलं तरी बाहेरून बॅटरी लावून देतो म्हणणारा एक उत्साही तिथे भेटतोच. त्याला चहा पाज. नव्या बोअरची पहिली सुरुवात गर्दीत, तिसऱ्याच्या हाताने, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकलंय याचा पत्ता नसताना करायची नसते. जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला दुसरं तेल कुठून मिळणार? पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच. टाकीत पेट्रोल नेऊच नकोस.

हँडलपासून मागच्या चाकापर्यंत सगळीकडे लोक हात लावणार, हे धरून चाल. जावाची किक आणि गिअर एकच दांडी. साठीच्या पुढचा जो माणूस येईल तो हसत हसत ती आत दाबून वर फिरवून बघणार, कारण कॉलेजात त्याने ते हजारदा केलेलं असतं. दांडी फ्रेमला सुतळीने बांध. सायलेन्सर लावलेले नसतील तर एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांत आणि कार्बोरेटरच्या जागी स्वच्छ कापडाचे बोळे घाल, प्लगच्या भोकात जुना प्लग बसव. मी एकदा इंजिनमधून शेंगांची टरफलं काढली आहेत, आणि कुणी टाकली ते मला आजतागायत कळलेलं नाही. टाकीवरचे बिल्ले आणि कार्बोरेटर मात्र पर्समध्येच ठेव. जुन्या गाड्यांवर प्रेम करणारी सगळी माणसं सज्जन असतात असं मी लिहिणार नाही.

आणि किंमत विचारायला लोक येतील. अर्धी गाडी बघितली की काहींना वाटतं, पोरगी कंटाळली असेल, स्वस्तात देईल. 'विकायची नाही' एवढंच म्हण. कारणं सांगत बसलीस की सौदा सुरू झाला असं समजतात. "मॅडम, हे सगळं तुम्ही स्वतः?" हाही प्रश्न दहा वेळा येईल. त्याला काय उत्तर द्यायचं ते तू दीड वर्षात शिकली असशील, मी काय सांगणार.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना आधीच सांग की गाडी स्पर्धेत नाही, फक्त मांडायला आणतेय. परीक्षकांचे गुण पुऱ्या झालेल्या गाड्यांसाठी असतात आणि तिथे तुला खालचा नंबर मिळाला तर पप्पांना तेच आठवत राहील.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी चालवत नेत नाहीयेस, त्यामुळे त्या दिवसापुरता प्रश्न नाही. आरसी बुकाची झेरॉक्स जवळ ठेव, इंजिन आणि चासीचा नंबर त्याच्याशी जुळतोय हे घरीच टॉर्च लावून बघून घे. तिथे कुणीतरी सांगेल की व्हिंटेजची 'व्हीए' नोंदणी करून टाका. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला ती मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. पप्पांना उद्या तिच्यावरून बाजारात जावंसं वाटलं तर? साधी नोंदणी नूतनीकरण करून ठेवायची का हे आधी ठरव, घाई कसलीच नाही.

आता पप्पा.

'लोक हसतील' हे मिस्त्री म्हणाले असते तर मी मनावर घेतलं नसतं. पण तू पुढे दोन ओळी लिहिल्यास, की पूर ओसरल्यापासून ते गाडीजवळ थांबत नाहीत आणि इंजिन खोललं त्या दिवशी घराबाहेर गेले. त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातल्या माणसाला फुटांचा अर्थ सांगायला नको. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि त्यापुढे प्रत्येक फुटाला घरातलं काय वर न्यायचं आणि काय सोडायचं याचा हिशोब. त्या रात्री तुझ्या पप्पांनी धान्य वर नेलं असेल, कागद नेले असतील, आईला नेलं असेल. दीड-दोन माणसांच्या वजनाची गाडी जिन्यावरून वर चढवणं एकट्याच्याने होत नाही. वडिलांची गाडी त्यांनी खाली सोडली. मी चुकत असेन, पण मला वाटतं, लोकांनी अर्धवट गाडीला हसावं याची भीती त्यांना नाही. टाकीवरची ती रेष लोकांनी बघावी, हे त्यांना नकोय.

म्हणून ती रेष ठेवायची की नाही हे तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. माझं मत विचारशील तर रेषेसकट टाकी ही त्या मैदानावरची सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट ठरेल. पण ती रेष त्यांची आहे. त्यांना विचार. समजूत घालायला जाऊ नकोस, 'पप्पा, त्यात तुमची काय चूक' असलं काही बोलू नकोस, ते उठून परत चहाला जातील. सरळ विचार, "टाकीवरची रेष पुसू का राहू दे?" पुसून टाक म्हणाले तर ओल्या फडक्याने पुस, निघत नसेल तर टाकीवर कापड टाकून ने. कुणी विचारलं तर 'टाकीचं काम राहिलंय' म्हण, ते खरंच आहे.

दुसरं, त्यांना काम दे. खरं काम, मन रमवायला दिलेलं नव्हे. गाडीशेजारी एक पाटी लागेल: गाडी कधीची, काय झालं, किती काम झालं, काय शोधतोय. वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचं अक्षर कसं असतं मला माहीत आहे. उसाच्या पावतीवरचा आकडा खाडाखोड न करता एका झटक्यात लिहायची सवय असते त्यांना. पाटी त्यांच्याकडून लिहून घे. मजकूर तू सांग, नाहीतर अर्धा सांग आणि 'आजोबांनी कुठून आणली होती हो?' एवढं विचारून गप्प बस. सापडत नसलेल्या भागांची यादीही त्यांनाच करायला लाव. मूळ गाडीवर काय होतं हे तुझ्या फोनमधल्या फोटोंपेक्षा त्यांना जास्त आठवत असेल. टाकीच्या बाजूचे गुडघ्याचे रबर कुठल्या रंगाचे होते, हेडलाईटच्या डोक्यातला स्पीडोमीटर कितीवर अडकायचा, क्लच न दाबता गिअर टाकायची त्यांची सवय. (जावात दांडी हलली की क्लच आपोआप सुटतो. आजोबांनी त्यांना तसंच शिकवलं असणार.)

एवढं करूनही ते नाही म्हणाले तर तू एकटी जा. भांडू नकोस आणि थांबूही नकोस. छोटा हत्ती सकाळी सातला बोलव, म्हणजे ते घरात असतील. गाडी चढवताना फळी धरायला माणूस लागतोच, पुढून हँडल धरणारा वेगळा. त्यांना हाक मारायची की शेजारच्याला, ते त्या वेळी तुला कळेल. चढवल्यावर पुढचं चाक कोपऱ्यात घुसव, पट्टे हँडलला नको, खालच्या फ्रेमला बांध, मध्ये बारदान घाल, नाहीतर मिरज रोडच्या पहिल्या खड्ड्यात प्रायमर खरवडला जाईल.

एक राहिलं. जावा कंपनी प्रागला निघाली १९२९ साली, आणि आयर्विन पूलही १९२९ चाच. पाटीवर लिहायला पप्पांना हे आवडेल असं मला उगीचच वाटतंय.

आणि त्या आठवड्यात पाऊस लागला आणि आयर्विनला पाणी ३५ फुटांच्या पुढे सरकायला लागलं, तर प्रदर्शन विसर. इंजिन परत फ्रेममधून काढ. फ्रेम वरच्या मजल्यावर न्यायला तुम्ही दोघं पुरता, इंजिनाला तिसरा माणूस सांगून ठेव.